दहाची फुली

दोन्ही हातांची अंगठ्याशेजारची बोटं एकमेकांवर आडवी टाकून मी हात वर केले आणि ते तसेच वर राहिले. छाई मावशीच्या दुकानात खिमा भरून तव्यावर भाजलेले दहा कुओथिए हवे असले की तोंड उघडावं लागत नाही. तव्याच्या चरचरीत तिला तसंही काही ऐकू येत नाही. बोटांची फुली दाखवायची, ती मान हलवते, झालं. पण नेमका त्याच क्षणी टीव्ही गप्प झाला. आवाज कुणी कमी केला नव्हता. समुद्रापलीकडे, जपानमधल्या एका बंदराच्या गावात, भूकंपानं बसलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यापाशी एक लांब शिट्टी वाजली होती आणि तिथली माणसं, यंत्रं, बातमीदार, सगळे एका दमात मुके झाले होते. ही शिट्टी माझ्या ओळखीची आहे. ती ऐकली की माझा घसा खवखवतो. शिट्टीच कशाला, देवळात, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, कुठेही एकदम शांत झालं की वाटतं, आता मी ओरडणार. डॉक्टर म्हणतो, घशाला काही झालेलं नाही. त्याला काय कळतंय.

मावशी उलथनं हलवत म्हणाली की कळलं बाई, दहा, आता हात खाली घे, का पुढच्या वर्षीची ऑर्डरपण आत्ताच देऊन ठेवतेस. दोघं-तिघं हसले. मी हात खाली घेतले. माझ्या समोर चुआंग आजी बसली होती आणि तळलेली पिठाची काडी सोयाच्या दुधात बुडवून, ती मऊ होऊन तुटायच्या आत तोंडात कशी घालायची या विवंचनेत होती. आजीला आता फारसं ऐकू येत नाही. लेकानं कानाचं महागडं यंत्र घेऊन दिलंय, ते ती पर्समध्ये जपून ठेवते, वापरून झिजेल म्हणून. दर रविवारी आम्ही दोघी इथे खातो. मी बोलते, ती मला न ऐकता उत्तरं देते, आणि आमचं छान चालतं. आज मात्र माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. दुकानातल्या कुणाचंच आपापल्या ताटाकडे नव्हतं, कारण त्या ढिगाऱ्यावर आमची माणसं होती. आमच्या ह्वालियेन शहराचं पथक पहिल्या विमानानं तिकडे गेलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात, पोकलेनच्या शेजारी पिवळं हेल्मेट घालून जो रुंद माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता, तो आमचा लेकाल. या ढिगाखाली एक बाई आणि तिचा लहान मुलगा असावा असं शेजारी सांगत होते. चाहूल घ्यायची ही शेवटची वेळ. काही ऐकू आलं नाही तर हा ढीग सोडायचा, पोकलेन लावायचा आणि माणसं पुढच्या ढिगाकडे न्यायची. निवेदिका हे जपानीत सांगत होती, अगदी हलक्या आवाजात, जणू तिच्या बोलण्यानंही तिकडे अडथळा होईल, आणि मी ते दुकानाला आमच्या भाषेत सांगत होते. सवयच आहे मला. दुसऱ्याचं बोलणं कानात शिरलं की माझ्या तोंडातून ते वेगळ्या कपड्यांत बाहेर येतं. आई म्हणायची, एका जिभेची माणसं काय उपाशी मरतात, तुलाच मेलीला दोन लागतात.

काही वर्षांपूर्वीही मी अशीच कुणाच्या तरी शेजारी उभी होते. तेव्हा भूकंप आमच्याकडे झाला होता. आमच्याच शहरातली, खाली दुकानं आणि वर घरं असलेली ती इमारत गुडघ्यात मोडल्यासारखी बसली होती आणि जपानचं पथक आमच्याकडे आलं होतं. मी पर्यटकांना दरी आणि संगमरवराचे कारखाने दाखवून पोट भरणारी बाई. माझ्या डोक्यावर कुणीतरी मोठ्ठं हेल्मेट ठेवलं आणि सांगितलं की इसोबेसानांच्या डाव्या हाताला उभी राहा, ते बोलतील ते सांग, आपले बोलतील ते त्यांना सांग, स्वतःचं काही बोलू नकोस. इसोबेसान त्यांच्या पथकाचे प्रमुख. उंच, एक खांदा कायम दुसऱ्यापेक्षा खाली, जणू त्या खांद्यावर न दिसणारी पिशवी अडकवलेली आहे. फार कमी बोलायचे. माझं काम त्यामुळे सोपं होतं. कठीण होता तो लेकाल. तो आमच्या पथकाचा प्रमुख, अमिस जमातीचा, समुद्रकाठच्या गावात वाढलेला, आणि त्याच्या एका वाक्यात तीन विनोद असायचे. मी त्यातला एकही विनोद जपानीत नेऊ शकले नाही. लेकाल म्हणायचा, "पोरी, मी एवढं बोलतो आणि तू त्यांना एवढंसंच सांगतेस. उरलेलं खातेस की काय?" इसोबेसान विचारायचे, काय म्हणतायत. मी म्हणायचे, दोर मजबूत आहे म्हणतायत.

शिट्टीचा कायदा पहिल्याच दिवशी ठरला होता. एक लांब शिट्टी म्हणजे सगळं बंद. यंत्र बंद, पंप बंद, बोलणं बंद, खोकला आला तरी गिळायचा. मग ढिगाच्या फटीत तोंड घालून एकजण हाक मारणार, बाकीच्यांनी ऐकायचं. दोन आखूड शिट्ट्या झाल्या की पुन्हा कामाला. या दोन शिट्ट्यांच्या मधे जो आवाज करील त्याच्यासारखा पापी नाही, कारण त्याच्या आवाजाखाली कुणाचा तरी शेवटचा आवाज बुडू शकतो. मला हे फार पटलं होतं. आणि त्या शांततेत माझ्यासारखीला काही कामच नव्हतं. सगळे हातांनी बोलत. दुभाषी बाई तेवढा वेळ रिकामी. मी आपली उभी राहून स्वतःच्या छातीतले ठोके ऐकायची आणि तेही कुणाला ऐकू जातील म्हणून भ्यायची. दुपार होती, ऊन होतं, सिमेंटच्या धुळीची चव जिभेवर बसली होती. ती चव अजून येते. पावाला येते, भाताला येते, काही कारण नसताना येते.

त्या दुपारच्या शिट्टीला लेकाल ढिगाच्या पलीकडच्या अंगाला, एका फटीत कमरेपर्यंत उतरला होता. आमच्या बाजूला एक जपानी कानाला यंत्र लावून बसला होता. त्याला टक, टक ऐकू येत होती, पण तशी सकाळपासूनच येत होती. फुटलेला नळ होता आत कुठेतरी. पाणी गळतं तेव्हा तेही दार ठोठावल्यासारखंच वाजतं. माणसाची टकटक आणि पाण्याची टकटक वेगळी कशी करायची, हाच तर सगळा घोळ होता. लेकालनं त्यावर काय तोड काढली होती ते आम्हांला मागून कळलं. त्यानं फटीत तोंड घालून ओरडून सांगितलं होतं की कुणी असेल तर दहा वेळा वाजवा आणि थांबा. पाणी काही मोजत नाही. मोजून थांबतं ते माणूस. आणि खाली कुणीतरी मोजलं. दहा वेळा वाजवलं आणि थांबलं. मग लेकाल फटीतून वर आला, तोंडावर फडकं, डोळ्यांवर चष्मा, धुळीनं पिठाच्या पोत्यासारखा पांढरा, आणि शांतता मोडायची नाही म्हणून त्यानं आमच्याकडे तोंड करून डोक्याच्या वर दोन बोटांची फुली केली. दहा.

मी ती पाहिली. मला फार आनंद झाला. मग सहज, आनंद वाटून घ्यावा म्हणून मी इसोबेसानांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. त्यांनी त्या ढिगाकडे तोंड करून दोन्ही हात जोडले होते आणि मान लववली होती. मला वाटलं, देवाचे आभार मानतायत. एवढी मूर्ख मी. मग मला आठवलं. जपानमध्ये कुमामोतोच्या हॉटेलात मी दोन वर्षं भांडी मोजली होती, तिथे एकदा मुकादमाला दहा ताटं हवीत म्हणून बोटांची फुली दाखवली तर त्यानं सगळी ताटं परत नेली होती. फुली म्हणजे नाही. फुली म्हणजे चूक, बंद, संपलं, कुणी नाही. इसोबेसान मेलेल्या माणसाला हात जोडत होते. आमचा दहा त्यांच्या डोळ्यांत गेला आणि तिथे जाऊन मेला. गंमत अशी की कागदावर काढला असता तर दहा दोघांचाही एकच आहे, एक आडवी रेघ, एक उभी. लिहिलेलं दोघांनाही सारखं वाचता येतं. बोटांनी लिहिलेलं मात्र त्यांना वाचता येत नव्हतं, आणि आम्हांला हे माहीतच नव्हतं. इसोबेसानांनी डोळे उघडले. त्यांनी पोकलेनवाल्याकडे पाहून हात उचलला. शिट्टीवाल्यानं शिट्टी ओठांना लावली. एकदा दोन शिट्ट्या झाल्या की यंत्रं सुरू होणार, मग मी बोंब मारली तरी माझी मलाच ऐकू येणार नव्हती, आणि पोकलेनचा लोखंडी पंजा त्या माणसावर उतरणार होता, जे खाली अंधारात दहापर्यंत मोजून वाट पाहत होतं.

मी ओरडले. शांततेत ओरडले. ढिगाभोवतीची दोनशे डोकी एकदम माझ्याकडे वळली. मरताना म्हणे माणूस आईच्या भाषेत बोलतो. घाबरल्यावरही तेच होतं. माझ्या तोंडून आमच्या भाषेतला दहा बाहेर पडला. "शि!" मी ओरडले. "शि! शि!" इसोबेसानांचा चेहरा दगडासारखा झाला. जपानी कानाला शि म्हणजे मरण. मी त्या माणसाच्या तोंडावर, त्यानं आत्ताच हात जोडले असताना, मरण, मरण, मरण म्हणून किंचाळत होते. दोन जिभांच्या बाईला दोन्ही जिभांनी एकाच वेळी दगा दिला. त्यांचा दहा कसा म्हणतात ते मला येत होतं, लहान पोरांनाही येतं, पण त्या क्षणी तो शब्द माझ्या डोक्यात कुठेच नव्हता. सगळं धुऊन गेलं होतं. रडू आलं. मग मी हातमोजे दातांनी ओढून काढले आणि दोन्ही हातांची बोटं, सगळीच्या सगळी, पसरून त्यांच्या नाकासमोर धरली. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग पलीकडे लेकालकडे पाहिलं, जो अजून तशीच फुली धरून उभा होता आणि ही बाई का किंचाळते म्हणून वैतागला होता. मग इसोबेसानांनी स्वतःची दोन बोटं हळूच एकमेकांवर आडवी ठेवली आणि त्यांच्याकडे, लहान मूल पहिलं अक्षर बघतं तसं पाहिलं. थांबा म्हणून हात झटकन वर केला. शिट्टीवाल्याच्या ओठांतली शिट्टी त्यांनी स्वतः काढून घेतली. आणि त्या शांततेत, माझ्या किंचाळण्यानं घाबरून की रागावून कोण जाणे, ढिगाखालून पुन्हा आवाज आला. यंत्र लावलेला जपानी बोटं मुडपत मोजू लागला. एक हात संपला. दुसरा हात संपला. आवाज थांबला. त्यानं कानांवरचं यंत्र काढलं आणि तो चक्क रडायला लागला.

संध्याकाळच्या उजेडात खालच्या बाईला बाहेर काढलं. हातात माजोंगच्या खेळातली सोंगटी होती, तीच ती पाइपवर वाजवत होती. स्ट्रेचरवर आडवी असताना, नाकातोंडात धूळ, एक पाय मोडलेला, आणि तिचं पहिलं वाक्य काय तर, "मेला भूकंप एक डाव थांबला असता तर काय बिघडत होतं? एकाच सोंगटीवर अडला होता माझा हात." दोनशे माणसं हसली आणि रडली. लेकाल तर खालीच बसला. तीच ही चुआंग आजी, जी आत्ता माझ्यासमोर तुटलेली काडी दुधात चमच्यानं शोधत होती.

त्या दिवशी तंबूत आम्ही तिघं डबे खायला बसलो तेव्हा लेकालला सगळा प्रकार मी समजावला. तो आधी हसला, मग हसायचा थांबला, मग म्हणाला, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे असं. इसोबेसान जेवत नव्हते. ते म्हणाले, "मी जिवंत बाईला हात जोडले." एवढंच. ते वाक्य मी लेकालला तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आजीची माफी मागायला गेले. कमरेत वाकले ते वर येईचनात. आजीला कळेना हा कोण परका माणूस. मी सांगितल्यावर म्हणाली, "माफी कसली, वेळ आहे का त्याच्याकडे? खाटेवर डाव मांडायचाय, चौथा गडी कमी आहे." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या गंभीर माणसाला तिनं हरवलं. वर म्हणाली, देशाची अब्रू घालवू नकोस, शिकून ये. पुढे दर वर्षी हे लोक आमच्याकडे सरावाला येऊ लागले, आमचे त्यांच्याकडे, आणि इसोबेसान दर वेळी आजीकडे जाऊन हरून यायचे. पहिल्याच सरावात लेकाल म्हणाला की आम्ही फुली सोडतो, दहा बोटं दाखवत जाऊ, भांडण मिटलं. इसोबेसानांनी मान हलवली. मी ते वाक्य जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. "घाबरलेला हात लहानपणीचंच बोलतो. हात काही बदलायचे नाहीत. डोळे शिकवता येतील, ते आम्ही शिकवू." खाली माणूस आहे का पाणी हे ओळखायची लेकालची दहाची युक्ती त्यांनी घेतली. पण फुलीचं ओझं त्यांनी आपल्या डोळ्यांवर घेतलं, आमच्या हातांवर टाकलं नाही. मला तेव्हा फार लाज वाटली आणि फार बरं वाटलं. आणि हेही मनात आलं की बरोबर आहे, हात बदलत नाहीत, माझी जीभ तरी कुठे बदलली.

टीव्हीवर शांतता चालूच होती. घसा खवखवत होता. मावशीनं कुओथिए माझ्यासमोर ठेवले, खालून खरपूस, वाफाळलेले, पण जेवायच्या काड्या कुणी उचलेना. पडद्यावर ढिगाच्या उतारावरची फट दिसत होती आणि तिच्यातून बाहेर आलेले दोन बूट. मग ते बूट मागे सरकले, पाठ आली, पांढरं हेल्मेट आलं. माणूस उभा राहिला. धुळीनं माखलेला, तोंडावर फडकं. खाली उभ्या लेकालकडे तोंड करून त्यानं दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि दोन बोटांची फुली केली. निवेदिकेनं श्वास घेतला. तो श्वासही मला ऐकू आला. मग ती म्हणाली की अतिशय दुःखाची गोष्ट आहे, आतून प्रतिसाद नाही, खूण तशी दिसते आहे. माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं. "कुणी नाही म्हणतायत," मी दुकानाला सांगितलं. छाई मावशीनं तव्याखालची आच बंद केली. दाराशी बसलेल्या टॅक्सीवाल्यानं टोपी काढली. मला त्या बाईचं आणि मुलाचं फार वाईट वाटलं, नुसतं बसवेना. लेकालचं वाईट वाटलं, तो एवढ्या लांब गेला आणि आता पोकलेनला हात करणार. त्याचा हात वर जाताना मला बघायचा नव्हता. मी मान खाली घातली.

"तुला काय झालं?" चुआंग आजी दूध पुसत म्हणाली. तिला निवेदिका ऐकू येत नव्हती, मीही ऐकू येत नव्हते. तिच्यासाठी पडद्यावर फक्त एक माणूस आणि त्याचे दोन हात होते. "दहा म्हणतोय ना तो," ती म्हणाली. "आणि एवढी तोंडं कसली पाडलीत?"

मी वर पाहिलं. पांढरं हेल्मेट. आमचं पिवळं नव्हे, त्यांचं. आणि त्याचा एक खांदा खाली होता, जणू न दिसणारी पिशवी अडकवलेली आहे. इसोबेसान. स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांच्या कॅमेऱ्यांसमोर, जिथे पोरासोरांनासुद्धा फुली म्हणजे नाही, तिथे त्यांचे हात दहा म्हणत होते. लेकालला कळावं म्हणून. हात बदलत नाहीत म्हणाले होते ना? आणि या माणसाचे बदलले होते. घाबरलेले, दमलेले, धुळीनं भरलेले हात, आणि त्यातून निघालं ते त्यांचं लहानपण नव्हतं, आमचं होतं. एवढी जपानी येणारी मी, कान तिकडे दिला आणि फसले. बहिऱ्या आजीनं बरोबर वाचलं.

माझा घसा मोकळा झाला. "दहा!" मी ओरडले. या वेळी दुकानातल्या प्रत्येकाला कळेल अशा भाषेत. "दहा म्हणतोय तो! जिवंत आहेत! मोजलं त्यांनी!" पडद्यावर लेकालनं उचललेला हात पोकलेनकडे गेलाच नाही. त्यानं डोक्यावर दोन बोटांची फुली करून इसोबेसानांना परत दाखवली, पोकलेनवाल्याला केबिनमधून खाली उतरायला लावलं आणि स्वतः त्या उतारावर धावत सुटला, त्याच्यामागे पिवळी हेल्मेटं आणि पांढरी हेल्मेटं, कुणाची कोणती ते कळेना इतकी एकत्र. निवेदिका गोंधळली होती. ती अजून दुःख व्यक्त करत होती, आणि इकडे ह्वालियेनमध्ये आम्ही टेबलं बडवत होतो. टॅक्सीवाल्यानं टोपी हवेत फेकली ती सोयाच्या दुधाच्या पातेल्यात पडली, तरी मावशी काही बोलली नाही. सबंध दुकान उभं राहिलं होतं आणि प्रत्येकाचे हात वर होते, दोन बोटं आडवी, टीव्हीकडे तोंड करून. आई आणि मुलगा बाहेर आले तोवर आमच्या कुणाच्या गळ्यात आवाज उरला नव्हता.

आजीनं तेवढ्यात माझ्या ताटातले कुओथिए संपवले होते. मी रागावून पाहिलं, तर तिनं निवांतपणे तोंड पुसलं, हात वर केले आणि मावशीला बोटांची फुली दाखवली.